‘चांगल्या घरची मुलगी’ आणि दुर्गा खोटे

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलण्यातले अडखळे काढले आहेत, बाकी बरंचसं जसं बोलले तसंच ठेवलंय.)

इअरफोन लावलेत ना? बसमध्ये असाल, धानाच्या बांधावर असाल, नाहीतर अभ्यासाचं पुस्तक उघडं ठेवून मला ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत.

मी बोलतेय फुलचूरहून. नवीन श्रोत्यांसाठी सांगते, फुलचूर म्हणजे गोंदिया शहराला अगदी लागून असलेलं आमचं गाव. शहर कुठं संपलं आणि गाव कुठं सुरू झालं हे आता कळतही नाही. रात्रीचे साडेअकरा झालेत. दिवसा रेकॉर्डिंग करायचं म्हटलं की ट्रकचे हॉर्न येतात, म्हणून ही वेळ. पंखा बंद केलाय, तर जरा लवकर आटपते. म्हणजे प्रयत्न करते.

आजचा भाग एका नटीबद्दल आहे. आणि एका भांडणाबद्दल. भांडण आमच्या घरातलं आहे. ते सांगू की नको, याचा बराच विचार केला. धाकट्या बहिणीला विचारलं. ती म्हणाली, “सांग ना, पण तू काय बोलली होतीस तेपण सांग.” तर सांगतेच.

आमच्या भागात दिवाळी झाली की मंडई भरते हे तुम्हाला माहितीये. भाऊबीजेपासून एकेका गावाची मंडई सुरू होते. दिवसा बाजार, दंडार, पाहुणे, आणि रात्री नाटक. पुण्या-मुंबईचे श्रोते असतील तर त्यांच्यासाठी: ही झाडीपट्टी रंगभूमी. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, या चार जिल्ह्यांतली. रात्री दहाच्या पुढं पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत नाटक चालतं. थंडीत शाली-ब्लँकेटं घेऊन हजारो माणसं बसलेली असतात. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे या धंद्याचं मुख्य ठिकाण. नाटक कंपन्यांची ऑफिसं तिथं, बुकिंग तिथं. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ते याच रंगभूमीचे कलाकार.

तर गेल्या वर्षी गणपतीत गावातल्या कार्यक्रमात माझ्या बहिणीनं एक छोटं नाटुकलं केलं. बी.ए. झालेली, घरीच होती, स्पर्धा परीक्षेचे फॉर्म भरत होती. ते नाटुकलं कुणीतरी पाहिलं, कुणालातरी सांगितलं, आणि एका नाटक कंपनीकडून विचारणा आली. एका सीझनसाठी. भूमिका लहान, पण दर प्रयोगाची नाईट ठरलेली. नाईट म्हणजे एका रात्रीचं मानधन.

आईनं पहिलं वाक्य काय म्हटलं असेल? “लोकं का म्हणतीन बाई?”

बाबा गप्प. आणि मी, जी इथं माइकसमोर बसून दर आठवड्याला मोठमोठ्या गोष्टी करते, ती मी म्हणाले, “आपण चांगल्या घरचे लोक आहोत. हे आपलं काम नाही.”

बहिणीनं माझ्याकडं बघितलं आणि शांतपणे विचारलं, “ताई, दरवर्षी मंडईत आपण शाल पांघरून पहाटेपर्यंत नाटक पाहतो. त्यातल्या बाया का वाईट घरच्या आहेत?”

माझ्याकडं उत्तर नव्हतं. उत्तर नसलं की माणूस आवाज चढवतो. मीही चढवला.

त्या रात्री झोप लागली नाही. आणि ‘चांगल्या घरची मुलगी’ हे शब्द डोक्यात फिरायला लागल्यावर एक नाव आठवलं. शाळेत कुठंतरी वाचलेलं वाक्य: ‘सिनेमात काम करणारी चांगल्या घरची पहिली मराठी स्त्री.’ दुर्गा खोटे. म्हटलं, बघूया तरी या बाईंचं काय झालं. आणि मग मी अडकलेच.

चला, त्यांची गोष्ट सांगते. पण त्यासाठी आधी त्यांच्या जन्माच्या काळात जाऊ.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ चा, मुंबईचा. माहेरचं नाव विटा लाड. वडील सॉलिसिटर, घर सुखवस्तू. मुलीला इंग्रजी शाळेत घातलं, पुढं सेंट झेवियर्स कॉलेजात. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही, पण तेव्हा किती मुली कॉलेजात जात असतील याचा विचार करा.

आता त्याच काळातला सिनेमा बघा. १९१३ मध्ये दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’ काढतात. त्यात राणी तारामतीची भूमिका आहे. बाई शोधतात, मिळत नाही. शेवटी तारामती कोण करतं? अण्णा साळुंके नावाचा पुरुष. आधी हॉटेलात काम करणारा. म्हणजे भारतातल्या पहिल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटातली नायिका हा एक बाप्या होता! आपल्याकडं दंडारीत, जुन्या नाटकांत पुरुषच बायांची कामं करायचे, तसंच.

हे तारामतीचं लक्षात ठेवा. तिच्याकडं परत यायचंय.

विटाचं लग्न लहान वयातच खोटे कुटुंबात झालं. नवरा विश्वनाथ खोटे, इंजिनीयर. घर पैसेवालं. दोन मुलगे झाले, बकुल आणि हरीन. आणि मग घराची आर्थिक घडी विस्कटली. वैधव्यही तरुणपणीच आलं. पदरात दोन लेकरं, आणि आजवर कधी कमवायची वेळ न आलेली बाई. कमवायचं म्हणजे करायचं काय? बँकेत मुली नव्हत्या, ऑफिसात नव्हत्या. अशा वेळी सिनेमात एका छोट्या भूमिकेसाठी विचारणा आली.

दुर्गाबाई काही कलेच्या ओढीनं घर सोडून निघालेल्या नव्हत्या. पैशांची गरज होती, काम समोर आलं, त्यांनी घेतलं. मला हे आवडलं. आपल्याला कलाकारांच्या गोष्टींत कायम स्वप्न लागतं. इथं घरखर्चाचा हिशेब होता.

पहिला सिनेमा, ‘फरेबी जाल’, १९३१. दिग्दर्शक मोहन भवनानी. सिनेमा पडला. नुसता पडला नाही, दुर्गाबाईंवर टीकेची झोड उठली. सुशिक्षित घराण्यातली सून असल्या सिनेमात! नातेवाईक, ओळखीपाळखीचे, सगळेच. आज ट्रोलिंग म्हणतात ना, तेच, फक्त मोबाईल नव्हता. लोक तोंडावर बोलत होते.

आता तुम्हीच सांगा. पहिलंच काम, ते फसलेलं, आणि अख्खं शहर नावं ठेवतंय. तुम्ही दुसरं काम घेतलं असतं? मी नसतं घेतलं. खरं सांगते. आमच्या एका भागाला खाली दोन वाईट कमेंट आल्या होत्या तर मी पंधरा दिवस माइक कपाटात ठेवला होता.

त्यांनी घेतलं. कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीचं बोलावणं आलं. व्ही. शांताराम दिग्दर्शक. सिनेमा ‘अयोध्येचा राजा’, १९३२. हा मराठीतला पहिला बोलपट. हिंदीतही सोबतच काढलेला, ‘अयोध्या का राजा’. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र, आणि दुर्गा खोटे कोण?

तारामती.

एकोणीस वर्षांपूर्वी ज्या भूमिकेसाठी बाई मिळाली नव्हती, तीच भूमिका. मी हे वाचलं तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता, आणि मी उठून बसले. मोबाईलवर तो सिनेमा शोधला आणि बघितला. प्रिंट जुनी, आवाज खरखरता. संथ आहे, आपल्या सवयीचा नाही. पण तारामती बघा. राणी आहे, सगळं राज्य गेलंय, काशीच्या बाजारात विकली गेलीय, दुसऱ्याच्या घरी राबतेय, आणि पोर सोबत आहे. हे सगळं ती बाई अशी करते की हे तिनं कुठंतरी स्वतः भोगलंय असं वाटतं. अर्थात हा माझा अंदाज. पण वैभवातून खाली आलेली, लेकरासाठी राबणारी बाई त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती, एवढं नक्की.

अजून एक गंमत. तेव्हा प्लेबॅक नव्हतं. गाणं असलं की नटीनं स्वतः, कॅमेऱ्यासमोर, शूटिंग चालू असतानाच गायचं. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. आपण इथं एक वाक्य चुकलं की कट करतो, एडिट करतो!

सिनेमा चालला. ज्यांनी नावं ठेवली तेच तिकीट काढून आले.

पुढं काय काय केलं या बाईंनी! त्याच वर्षी ‘माया मच्छिंद्र’. त्यात त्या स्त्रीराज्याची राणी आहेत आणि जवळ चक्क चित्ता. मग कलकत्त्याला गेल्या. १९३४ चा ‘सीता’, देवकी बोस यांचा. त्यात राम कोण? पृथ्वीराज कपूर. म्हणजे रणबीर कपूरचे पणजोबा. तो सिनेमा इटलीतल्या व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. १९३६ ला पुन्हा शांतारामांचा ‘अमरज्योती’. त्यात त्यांचं नाव सौदामिनी. कायद्यानं पोटच्या पोराचा ताबा नाकारला म्हणून बंड करून समुद्रावरची डाकू झालेली राणी. १९३६ साली! तोही व्हेनिसला गेला.

आणि एक व्यवहाराची गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तेव्हा नट-नटी कंपनीच्या पगारावर असायचे. महिन्याचा पगार, आणि दुसरीकडं काम करायचं नाही. दुर्गाबाईंनी कधी प्रभातमध्ये, कधी कलकत्त्यात, कधी दुसऱ्या कंपनीत असं काम केलं. आजच्या भाषेत फ्रीलान्सर. अशा सुरुवातीच्या कलाकारांपैकी त्या एक. पुढं निर्मितीतही उतरल्या. म्हणजे आपल्या कामाची किंमत आपण ठरवायची, हे त्यांना लवकर कळलं होतं.

मग नाटक. खूप जणांना माहिती नसतं की सिनेमात एवढं नाव झाल्यावर त्या मराठी रंगभूमीवर मनापासून उभ्या राहिल्या. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांत त्यांनी कामं केली. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’त त्या आनंदीबाई. ‘ध’चा ‘मा’ करणारी, तीच. शिरवाडकरांनी, म्हणजे आपल्या कुसुमाग्रजांनी, शेक्सपिअरचा ‘मॅकबेथ’ मराठीत आणला, ‘राजमुकुट’ नावानं, त्यातली महत्त्वाकांक्षी राणीही त्यांनीच केली. म्हणजे पडद्यावर सोशिक सीता-तारामती, आणि रंगमंचावर कटकारस्थानं करणाऱ्या बायका. ‘चांगल्या घरची’ म्हणून फक्त चांगल्या बायकांच्याच भूमिका करीन, असं त्यांनी काही धरून ठेवलं नाही.

आता तुमच्यापैकी काही जण म्हणतील, हे सगळं ब्लॅक अँड व्हाइट, आम्ही यांना कुठं पाहिलंय? पाहिलंय. नक्की पाहिलंय. ‘मुघल-ए-आझम’, १९६०. अकबर आणि सलीमच्या भांडणात मधल्यामध्ये भरडली जाणारी जोधाबाई, त्या दुर्गा खोटे. आणि अकबर? पुन्हा पृथ्वीराज कपूर. सव्वीस वर्षांपूर्वीचे राम-सीता! ‘बॉबी’तली आजी, त्याच. ‘कर्ज’मध्ये जिचा मुलगा खून होऊन परत जन्म घेतो ती आई, त्याच. १९७४ च्या ‘बिदाई’साठी त्यांना फिल्मफेअरचा सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा वय सत्तरच्या घरात. त्याआधी १९६८ ला पद्मश्री, आणि १९८३ ला दादासाहेब फाळके पुरस्कार. ज्या फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती, त्यांच्याच नावाचा.

आणि टीव्हीवरची ‘वागळे की दुनिया’? आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून आलेली, १९८८ ची. ती मालिका दुर्गाबाईंच्या निर्मिती संस्थेची. त्या तेव्हा ८३ वर्षांच्या होत्या. २२ सप्टेंबर १९९१ ला त्या गेल्या. ‘मी, दुर्गा खोटे’ हे त्यांचं आत्मचरित्र आहे, मिळालं तर वाचा.

हे सगळं वाचून झाल्यावर मला काय वाटलं असेल? ‘वा, बघा, चांगल्या घरची बाईसुद्धा हे काम करू शकते, तर माझी बहीण का नाही?’ असंच वाटलं आधी. सकाळी तिला सांगायलाही निघाले होते.

पण मध्येच एक दुसरं नाव समोर आलं होतं, त्यानं मला थांबवलं. दुर्गाबाई कामत. ‘राजा हरिश्चंद्र’नंतर त्याच १९१३ साली फाळक्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ काढला. त्यात बाया मिळाल्या, दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई, जी पुढं कमलाबाई गोखले म्हणून ओळखली गेली. अभिनेते विक्रम गोखले हे याच कमलाबाईंचे नातू. म्हणजे दुर्गा खोटे यांच्या अठरा वर्षं आधी या मायलेकी कॅमेऱ्यासमोर उभ्या होत्या. दुर्गाबाई कामतही एकट्यानं मुलीला वाढवत होत्या, पोटासाठीच काम करत होत्या, समाजानं त्यांनाही वाळीत टाकलं. त्यांना आपण किती जण ओळखतो? त्यांच्या मागं सॉलिसिटर वडिलांचं नाव नव्हतं, कॉलेज नव्हतं. म्हणून मग पुस्तकात वाक्य असं येतं, ‘चांगल्या घरची पहिली’. म्हणजे आधीच्या सगळ्या कोण झाल्या?

बहिणीनं मला हाच प्रश्न विचारला होता ना? शब्दसुद्धा जवळजवळ तेच.

यात दुर्गा खोट्यांचं मोठेपण कमी होत नाही. त्यांनी सोसलं, टिकल्या, पन्नास वर्षं काम केलं. पण आपण त्यांचं कौतुक ज्या शब्दांत करतो, त्या शब्दांत दुसऱ्या हजार बायांचा अपमान आहे. आणि मी ते शब्द आमच्या घराच्या ओसरीवर, माझ्या बहिणीच्या तोंडावर वापरले होते. झाडीपट्टीत ज्या बाया रात्री नऊला गाडीत बसतात, दीडशे किलोमीटरवरच्या गावात नाटक करतात, पहाटे मेकअप पुसून परत निघतात आणि घरी येऊन पोरांचा डबा करतात, त्यांना मी एका वाक्यात ‘वाईट घरच्या’ करून टाकलं होतं. त्यांचीच नाटकं बघत मी मोठी झालेय.

तर मी तिला दुर्गा खोट्यांचं उदाहरण दिलंच नाही. नुसतं म्हणाले, “माझं चुकलं. जा.”

ती म्हणाली, “तू जा म्हटल्यानं का होते? मायले सांग.” बरोबरच होतं. परवानगी देणारी मी कोण?

आईला समजवायला चार दिवस लागले. शेवटी आईनंच तोडगा काढला. म्हणाली, पहिले आठ प्रयोग मी सोबत येते. आणि आली! डब्यात भाकरी, भाजी, थर्मासमध्ये चहा घेऊन. दुसऱ्या रात्रीपासून ती त्या कंपनीतल्या सगळ्याच मुलींसाठी जास्तीच्या भाकरी न्यायला लागली. आठ संपल्यावर परत गेली नाही, पण आता घरी असली की विचारते, “अमकीचं पोरगं बरं झालं का?” नावानिशी.

मी पहिल्या प्रयोगाला गेले होते. गाव सांगत नाही. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. बहिणीची एंट्री रात्री साडेबाराला. दुसऱ्याच वाक्याला ती अडली. झाडीपट्टीत प्रॉम्प्टर असतो, त्यानं शब्द दिला, पण तिला ऐकूच गेला नाही. माझ्या पोटात गोळा. तेवढ्यात समोर उभ्या असलेल्या मोठ्या नटीनं, भूमिका न सोडता, तिच्याजवळ जाऊन खांद्यावर हात ठेवला आणि तिचंच वाक्य प्रश्न करून तिला विचारलं. बहिणीनं उत्तर दिलं आणि गाडी सुरू झाली. लोकांना काही कळलंच नाही. मला कळलं. ज्या बायांबद्दल मी बोलले होते, त्यातल्याच एकीनं माझ्या बहिणीला सांभाळून घेतलं होतं.

सगळं गोड झालं असं सांगून तुम्हाला फसवणार नाही. तिच्यासाठी आलेलं एक स्थळ नाटकाचं कळल्यावर परत गेलं. ‘मुलगी चांगली आहे, पण…’ असा निरोप आला. दोन नातेवाईक अजून आमच्याकडं येत नाहीत. आईला त्याचा त्रास होतो, ती बोलून दाखवत नाही. १९३१ मध्ये मुंबईत जे होत होतं ते संपलंय असं म्हणायला मी तयार नाही.

बहिणीनं या वर्षीही सीझन घेतलाय. भूमिका जरा मोठी आहे, नाईटही वाढवून मागितली, आणि मिळाली. पैसे मागताना घाबरलीस का, मी विचारलं. म्हणाली, “हो. पण मागितले.”

तर मंडळी, एक काम कराल? यंदा मंडईत नाटक पाहायला गेलात तर सुरुवातीला कलाकारांची नावं सांगतात, तेव्हा मोबाईलमध्ये बघत बसू नका. नावं ऐका. एखादं आवडलं तर लक्षात ठेवा, घरी येऊन चार जणांना सांगा.

आणि ‘अयोध्येचा राजा’ बघितलात तर तारामती कशी वाटली ते मला नक्की कळवा. आता पंखा लावते, घाम फुटलाय. भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या. नमस्कार!